आईंची मूठ

२ एप्रिल, बुधवार

आज आईंनी उल्हासनगरच्या सेठजींना घाम फोडला!

वर्षाची मिरची घ्यायला कॅम्प एकला गेलो होतो — मी, हे आणि सासूबाई. आईंना नेऊ नका असं कल्पेशने बजावलं होतं. गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरल्या तेव्हापासून माझ्या थोरल्याला आजीच्या पायांची फार काळजी. पण आई सकाळीच नवं लुगडं नेसून, काठी घेऊन ओटीवर येऊन बसल्या. आता त्यांना आत पाठवणार कोण? हे मुकाट्याने रिक्षा घेऊन आले.

सेठजींनी बेडगीचं पोतं उघडलं. आईंनी एक मिरची उचलली, मोडली, कानाशी नेली, मग नाकाशी. "सेठ, ये मिरची हाय का पालापाचोला?" दुकानातल्या दोन सिंधी बायकांनी हातातली मिरची हळूच परत पोत्यात टाकली. मग दुसरं पोतं झालं, तिसरं झालं, चौथं आतल्या खोलीतून आलं तेव्हा कुठे आईंनी मान हलवली. सेठजी कपाळ पुसत म्हणाले, "अम्मा, अगले साल आप सीधा गोदाम में बैठो."

येताना आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. हल्ली त्यांचं वजनच लागत नाही. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलाय.

२९ ला आमच्या धाकट्या अमितची हळद, ३० ला अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर लग्न. हळदीला अख्ख्या चामटोली गावाला मटण. आणि मटणाला मसाला आमच्या घरचा — म्हणजे आईंचा.

३ एप्रिल

देठं. दिवसभर मिरचीची देठं. चुकून डोळ्याला हात लागला आणि मी अंगणात नाचले. आई हसता हसता खोकल्या.

५ एप्रिल, शनिवार

कंबर धरली म्हणून आडवी पडून लिहितेय. अक्षर वाकडं येणार. येऊ दे.

आईंच्या मसाल्याला वजन नाही. मिरची तेवढी किलोवर, बाकी सगळं मुठीने. किलोला धणे इतक्या मुठी, बडीशेप इतक्या, लवंग अर्धी मूठ, मिरी अर्धी, दगडफूल चिमटीने. मूठ मात्र आईंचीच. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा हौसेने शेजारी जाऊन बसले होते. धण्यात हात घातला तर मनगटावर चापट बसली. "बग फकस्त." तेव्हापासून बघतेच आहे. इतकी वर्षं बघतेय की आता मला नातवंडं व्हायची वेळ आली.

चार-पाच वर्षांमागे, आई पडायच्या कितीतरी आधी, एका उन्हाळ्यात महेशभावोजी बदलापूरहून जेवायला आले होते. ते माझे धाकटे दीर. तोंडात घास आणि तोंडाला लगाम, दोन्ही एकदम त्यांना जमत नाही. म्हणाले, "वहिनी, यंदा मसाल्याला दम नाय." आईंनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुऊन उठल्या.

तेव्हा मी नीट पाहिलं. आईंचा हात केवढासा झालाय! हात आटला तर मूठ आटणारच की. हे त्यांना सांगणार कोण? सांगायला तोंड नव्हतं, म्हणून मी हात वापरला. पुढच्या वेळी आई पाणी प्यायला आत गेल्या, तेवढ्यात प्रत्येक ढिगात माझी एक-एक मूठ टाकून दिली. मसाला असा फक्कड झाला की भावोजी बरणी घेऊन गेले. आणि आईंचा चेहरा! तेव्हापासून दर वर्षी टाकते. कुणाला माहीत नाही, ह्यांनाही नाही.

पडल्यापासून आईंचं एकेक काम आम्ही काढून घेतलं. भाकरी थापणं बंद, चूल बंद, शेतावर जाणं बंद, बाजार बंद. सगळं त्यांच्या भल्यासाठीच, पण बंद ते बंदच. राहिला तो मसाला एवढाच. तोही गेला तर आई अंथरूण धरतील. मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून यंदा हळदीच्या मटणाला कुणी नाव ठेवायचं नाही, बस्स.

८ एप्रिल

मिरची गच्चीवर वाळतेय. स्वप्नाली, आमची थोरली सून, अंबरनाथच्या ऑफिसातून आली की चपला काढून थेट वर जाते आणि आजीशेजारी बसते. तिचं माहेर फ्लॅटमधलं, तिकडे मसाला म्हणजे पाकीट. मिरची कानाशी का नेतात, म्हणून विचारत होती. आईंनी तिच्या कानाशी मिरची खुळखुळवली. आत बी वाजलं. दोघी खूश.

मला कधी वाजवून दाखवली नाही. मी आपली स्वतःच शिकले. असो.

९ एप्रिल

नवरीच्या बांगड्यांवरून अमितशी वाजलं. नवरदेवाला बांगड्यांतलं काय कळतं?

१२ एप्रिल, शनिवार

आज मुठी मोजल्या.

ओटीवर चटई, चटईवर वर्तमानपत्रं, त्यावर धणे, बडीशेप, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, चक्रीफूल असे ढीग. मधोमध आई. स्वप्नालीला सुट्टी होती, ती समोर मांडी घालून. तिने हात पुढे केला तशी चापट बसली. "बग फकस्त." मला इतकं हसू आलं की मी आत जाऊन हसून आले.

आईंचा हात थरथरतो आता. मुठीतले दाणे फटीतून सांडत होते. स्वप्नाली एकटक बघत होती, पोरीचं तोंड अगदी बारीक झालं. मग आई म्हणाल्या, "मी जरा पानी पिऊन येतंय," आणि काठी टेकत गेल्या. हल्ली आईंना पाणी प्यायला बराच वेळ लागतो. मी स्वप्नालीला भाजायच्या कढईसाठी शेजारी पिटाळलं आणि भराभर काम उरकलं. हळदीचं निमित्त, म्हणून यंदा मूठ जरा घसघशीतच घेतली.

मग भाजणी. घरभर असा वास की रस्त्यावरून जाणारे लोक मान वळवून बघत होते.

१४ एप्रिल, सोमवार

आज डंक बंद. कुळगावला शालनताईंची मसाला कुटायची गिरणी आहे, आमचा मसाला कायम तिथेच. त्यांच्याकडे आज जयंती. हे आणि मी शुभेच्छा द्यायला गेलो, तर त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पांढरीशुभ्र साडी, केसात मोगरा — त्या डंकाशी लाल धुरळ्यात बसतात ती बाई हीच का, असं वाटावं! त्यांनी आईंची चौकशी केली. म्हणाल्या, "म्हातारीला सांगा, उद्या पहिला नंबर तुमचाच."

१५ एप्रिल

दर वर्षी डंकावर मी जाते, डोक्याला फडकं बांधून. आज शिंपी येऊन बसला होता, म्हणून हे आणि स्वप्नाली गेले. परत आले ते दोघेही नाकापासून पायापर्यंत लाल, शिंकत, आणि का कोण जाणे, एकमेकांच्या नजरा चुकवत. दमले असतील.

१६ एप्रिल

मसाला डब्यात भरला. वर हिंगाचे खडे, त्यावर फडकं. आईंनी डब्याला हात लावून नमस्कार केला.

२० एप्रिल, रविवार

काय दिवस आणि काय दशा!

सकाळी महेशभावोजी आले. हळदीच्या मटणाचा ताबा त्यांच्याकडे. चारशे माणूस आहे, आधी चव बघितलेली बरी, असं म्हणाले. वर हेही म्हणाले की आईंचं आता वय झालं, कमी-जास्त झालं असेल तर आपण तयार पाकिटं आणू, त्यात लाज कसली. आई ओटीवरून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "रविवार हाय. जा, मटन आन."

कालवण मीच केलं. मसाला मोजून घातला, नेहमीइतकाच. रंग बघून मी खूश झाले. हे काही भलतंच आहे, असं वाटायला हवं होतं तेव्हा!

पहिला घास कल्पेशने घेतला आणि त्याला उचकी लागली. हे घास गिळून छताकडे बघत राहिले. भावोजींच्या टकलावर घामाचे थेंब आले, मग ओघळ आले, मग ते गुळाचा डबा शोधत स्वयंपाकघरात शिरले. मी चाखलं — तिखट ते तिखट, वर लवंगेने जीभ अशी बधिर की आपली आहे की शेजारणीची, कळेना. स्वप्नाली ताक पीत होती, घटाघटा.

आईंनी सगळं खाल्लं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण ताट पुसून खाल्लं. मग एवढंच म्हणाल्या, "तिखट झालाय." उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. आई दिवसा कधी आडव्या होत नाहीत. पडल्या होत्या तेव्हाही, डॉक्टरने सांगूनसुद्धा, बसून राहायच्या.

भावोजी जाताना दारात हळूच म्हणाले, "वहिनी, मी पाकिटांचं बघतंय. आईला सांगू नको." मी मान हलवली.

२१ एप्रिल

कालचं अर्धंच लिहिलं. पुढचं आज.

भावोजी गेल्यावर मी स्वयंपाकघरात डबा उघडून बसले. माझी मूठ घसघशीत होती हे खरं, पण एवढी? एवढ्याने जीभ बधिर होते? तेवढ्यात हे आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, बकुळा, आईला बोलू नको काही, चूक माझी आहे. डंकावर स्वप्नालीला चहा आणायला पाठवून त्यांनी लवंगी मिरचीची पिशवीच्या पिशवी ओतली होती! का, तर गेल्या वर्षी त्यांना म्हणे मसाला मवाळ वाटला, आणि पोराच्या हळदीत आपल्या आईला कुणी हसू नये.

गेल्या वर्षी मवाळ? मी टाकलेलं असून? मी ह्यांच्यावर डोळे वटारणार, तेवढ्यात स्वप्नाली दारात रडायला लागली. चहा आणायला गेली ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडून लवंग आणि मिरी घेऊन आली होती. आजीच्या मुठीतून दाणे सांडलेले तिला बघवले नव्हते. सासऱ्यांना कुणाचा फोन आला तशी तिने पुडा रिकामा केला. "मम्मी, मला वाटलं आजींचं कमी पडलंय. कोणाला कळणार नाही, असं वाटलं."

मग माझ्याकडे दोघं बघायला लागले. मी सांगून टाकलं. काय करणार?

तिघांनी तीन बाजूंनी म्हातारीला हात दिला आणि मध्ये मसाल्याचा जीव गेला! ह्यांना हसू फुटलं. मला ह्यांच्याकडे बघून फुटलं. स्वप्नाली रडता रडता हसत होती आणि तिघंही शिंकत होतो, कारण डबा उघडाच होता. पण हसणं ओसरल्यावर खोलीकडे लक्ष गेलं. दार लोटलेलंच. आपलाच हात चुकला असं आई समजून बसल्या होत्या. इतका जपलेला त्यांचा मान, आणि आम्हीच मातीत मिळवला. मला फार वाईट वाटलं. ठरवलं, सकाळी पाय धरायचे आणि सगळं सांगायचं.

२२ एप्रिल, मंगळवार

काल सकाळी सांगायला गेले तर खोली रिकामी! न्हाणीघर बघितलं, परसात बघितलं. शेवटी गच्चीवरून काठीचा आवाज आला.

आई वर चटई पसरून बसल्या होत्या. जिना एकट्या चढल्या! कल्पेशला आधी कळलं असतं तर त्याने जिन्याला कुलूप घातलं असतं. मी तोंड उघडलं, "आई, तो मसाला —" पण त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. सगळ्यांना वर बोलव, म्हणाल्या.

सगळे आलो, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे. आई म्हणाल्या, मसाला फेकायचा नाही, वाढवायचा. बेडगी आणा, धणे आणा, बडीशेप आणा, आणि लवंग-मिरीला कुणी हात लावायचा नाही. मग ह्यांच्याकडे बघून, "मधु, लवंगी आनू नको." साठी उलटलेला माणूस खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. स्वप्नालीकडे वळल्या. "पोरी, सांडलं त सांडू दे. मी सांडनार धरूनच घेतंय."

माझ्याकडे बघितलंही नाही. सुटले! म्हणजे ह्या दोघांचं त्यांना जिभेवरच कळलं, माझं नाही कळलं. मग मीही गप्प बसले. सांगून आता कशाला त्यांच्या मनाला लावायचं?

आज कल्पेश सेठजींकडून बेडगी घेऊन आला. सेठजींनी म्हणे विचारलं, "अम्मा नहीं आयी ना?" आणि मगच पोतं उघडलं.

२४ एप्रिल

पुन्हा डंक. या वेळी आम्ही तिघंही गेलो, एकमेकांवर पहारा ठेवायला. शालनताईंना सगळं सांगितलं तर त्या डंक थांबवून हसल्या. मागे रांगेतल्या बायकांना त्यांनी सांगितलं, त्या पुढच्यांना सांगत होत्या. आता कुळगावात तोंड दाखवायची सोय नाही.

२५ एप्रिल

थोडंसं कालवण करून बघितलं. आईंनी बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, महेशला फोन लाव. फोनवर फक्त एवढंच, "पाकिटं परत दे." त्यांना पाकिटांचं कुणी सांगितलं? मी नाही!

२७ एप्रिल

मांडव पडला. डीजेवाला आगाऊ आहे. पाहुणे यायला लागलेत, मला लिहायला जागा नाही, गाद्यांच्या ढिगावर बसून लिहितेय.

१ मे, गुरुवार

लग्न झालं. सूनबाई घरात आली. तिचं नाव जिज्ञासा, आणि शोभतं, कारण आल्यापासून प्रश्नच विचारतेय. पाय सुजलेत माझे, पण हळदीचं लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

दुपारपासून मोठमोठी टोपं चुलाण्यांवर चढली होती. भावोजी कमरेला टॉवेल गुंडाळून उचटणं फिरवत होते आणि दर दहा मिनिटांनी मला विचारत होते, वहिनी, नक्की ना? मी नक्की म्हणत होते आणि दर वेळी टोपात डोकावत होते. चारशे माणसं! एकाने जरी ताटात घास ठेवला असता तरी मला भावोजी दम नाय म्हणाले तो उन्हाळा आठवला असता.

आई मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या, जेवणाऱ्यांची ताटं दिसतील अशा. पहिली पंगत बसली. मी वाढण्याचं सोडून आईंकडे बघत होते आणि आई पंगतीकडे. कुणी बोलेना. मग कळलं, बोलत नव्हते कारण खात होते! रस्सा दुसऱ्यांदा मागितला, तिसऱ्यांदा मागितला. स्वप्नालीच्या माहेरची माणसं भाताला नाही म्हणून भाकरी मागत होती, रश्श्यात बुडवायला. एक म्हातारा मुद्दाम उठून आईंपाशी आला, हात जोडून म्हणाला, तुळशीआई, हात अजून तसाच गो तुझा.

आईंनी त्याला काठीनेच परत पंगतीला पिटाळलं. पण मी ओळखते ना त्यांना. उजव्या हाताने लुगड्याचा पदर नीट केला, मग पुन्हा नीट केला.

शेवटच्या पंगतीनंतर भावोजी आले, तोंड रश्श्याने लाल. आईंच्या पायाशी बसले आणि बरणी मागितली. आई म्हणाल्या, पाकिटं हायत ना तुझ्याकडं? मांडव हसला. मग डीजे लागला आणि पोरांनी आईंना खुर्चीसकट उचलून नाचवलं. कल्पेश ओरडत होता, आजीचे पाय, आजीचे पाय! नंतर बघते तर खुर्चीचा एक पाय त्याच्याच खांद्यावर.

मसाला वाढवला, त्यामुळे आता घरात ढीगभर आहे. सगळ्यांना वाटायचा.

२ मे

दुपारी बरण्या भरायला आई आणि मी, दोघीच. मी जपून विषय काढला — पुढच्या वर्षी तुमच्या मुठीचं माप वाटीत घेऊन ठेवू या का, म्हणजे तुमच्या हाताला त्रास नको. आईंनी अंगठी काढली, सुटलेला दोरा पुन्हा गुंडाळला, बोटात घातली.

"हात बारीक झाला त मना दिसत नाय का? मूठ लहान झाली त दोनदा घालावी. यवरी अक्कल हाय मना."

"मग घालत का नव्हतात?"

"तुजी मूठ कुठं मावली असती? तू मागनारी नाय. म्हनून जागा ठेवली."

आणि काठी टेकत पाणी प्यायला निघून गेल्या. मसाल्याच्या हाताने मी डोळे पुसले. मग तर विचारूच नका.

पुढच्या वर्षी स्वप्नाली शेजारी बसली की मलाही मधेच तहान लागणार आहे.